उलटे आटे

सुपर बिल्टअप म्हणजे काय हे ज्याने एकदा भोगलंय, त्याला सायकलच्या चाकाची मापं समजायला जड जाऊ नये. दलाल सांगतो साडेसहाशे, राहायला मिळतात चारशे. चाकाचंही तेच. रोड बाइकच्या चाकाला ७०० सी म्हणतात, पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास असतो ६२२ मिलिमीटर. हेच चाक काही ठिकाणी '२८ इंची' म्हणून विकतात. जुन्या रोड बाइकना २७ इंची चाकं असायची, ती भरतात ६३०. म्हणजे २७ हे २८ पेक्षा मोठं. दूधवाल्याची ती काळी सायकलही २८ इंचीच, पण ती ६३५. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात '२८-६२२' असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला ६२२ हा कार्पेट एरिया. बाकी सगळं ब्रोशर. बिल्डरांसाठी निदान रेरा तरी आला.

हे सगळं पाठ व्हायचं कारण म्हणजे दादरच्या एका इमारतीच्या गच्चीवर कित्येक पावसाळे खाल्लेली, सत्तरच्या दशकातली इंग्रजी बनावटीची दहा गिअरची सायकल. मालक परदेशात, आणि सोसायटीला गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. "उचला आणि न्या," एवढ्यावर व्यवहार झाला. माहीमला आमच्या तिसऱ्या मजल्यावर ती चढवली तेव्हा आई दारातच उभी होती.

"कुणाची रे?"

"आपलीच."

"गंज आपला की तिचा स्वतःचा?"

आमच्या गॅलरीत एका टोकाला वॉशिंग मशीन आणि दुसऱ्या टोकाला तुळस आहे. मधली जागा सायकल आडवी ठेवली की संपते. त्यापुढे कपडे वाळत घालणाऱ्याने सायकल ओलांडायची की सायकलवाल्याने ओले टॉवेल डोक्यावर घेऊन काम करायचं, यावर घरात रोज नव्याने वाटाघाटी होत.

पहिली अडली ती सीटची दांडी. दांडी अॅल्युमिनियमची, फ्रेम पोलादाची. या दोन धातूंना ओलावा आणि मीठ मिळालं की गॅल्व्हॅनिक गंज धरतो आणि दोघं एकजीव होतात. मुंबईच्या हवेत ओलावा आणि मीठ सोडून तिसरं काय आहे? ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, पुन्हा सोडलं. घरात चहालाही तो वास येऊ लागला. मग आठवलं, की अॅल्युमिनियम थंडीने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. दांडी आतून पोकळ असते. तिच्यात बर्फ ठासून भरला तर ती केसभर तरी बारीक होईल. घरातल्या फ्रीजच्या ट्रेमध्ये निघतात चौदा तुकडे, म्हणून मासळी बाजारात मावशीकडे गेलो.

"सायकलीला बर्फ?" मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की शेजारची गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. "ताप आलाय काय तिला? पापलेट घे, बर्फ फुकट देते."

पापलेट घेतलं. बर्फ कुटला, मीठ मिसळलं, दांडीत भरला. मी दांडीवर जुनं सीट घट्ट आवळून ते धरलं, बायकोने फ्रेम. तिच्या हातातली फ्रेम म्हणजे जास्त लांब तरफ, त्यामुळे खरं काम तिनेच केलं असं ती सांगते आणि भौतिकशास्त्र तिच्याच बाजूने आहे. दांडी आधी किंचाळली, मग राखाडी भुकटी सोडत मिलिमीटर-मिलिमीटरने वर आली. गॅलरीला दोन दिवस बोंबलांचा वास होता. खालची मांजर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली आणि बराच वेळ सायकलीसमोर आशेने बसून राहिली.

दांडीवर माप कोरलेलं होतं: २६.८. दुकानात बहुतेक मिळते ती २७.२. ही मापं दोन-दोन दशांशांनी बदलतात. एवढ्या फरकात मुंबईत लोकलच्या डब्यात आणखी एक माणूस मावतो, पण सीटची दांडी मावत नाही.

त्यानंतर बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. पायडलच्या मधला धुरा ज्या दोन कपांत फिरतो ती जागा. इथे इंग्रजांनी जगावर एक उपकार करून ठेवलाय. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. कारण खरं आहे: धुरा फिरतो तसे छर्रे कपाला हळूहळू उलट दिशेने ढकलतात, आणि सुलटे आटे असते तर कप चालता चालता सैल झाला असता. इटालियनांनी मात्र दोन्ही बाजूंना सुलटेच ठेवले. त्यांच्या उजव्या कपाला सैल व्हायची खोड आहे, आणि ती इटालियन सायकलवाले कौतुकाने सांगतात. खुद्द इंग्लंडमध्ये बाकीच्यांचे आटे इंचाला २४, तर रॅले कंपनीने आपल्या बऱ्याच सायकलींना वर्षानुवर्षं २६ ठेवले. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

मी उजवा कप उजवीकडे फिरवून सोडवायला लागलो आणि इमारतीने हस्तक्षेप केला. समोरच्या ब्लॉकमधले, वरच्या मजल्यावरचे, कुरिअर घेऊन आलेला मुलगा, सगळ्यांचं एकमत: "अहो, घट्ट करताय!" उलटे आटे म्हटलं की लोक मायेने हसतात. एकाने तर मला पाण्याची बाटली उघडून दाखवली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कपाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "उलटाच आहे. गप्प बसा सगळे."

गर्दी गप्प बसली. काकांना मी त्या दिवसापासून मनातल्या मनात साहेब म्हणतो. त्यांचा उपाय असा: कपाच्या भोकातून आतून बाहेर एक जाड बोल्ट काढायचा, दोन्हीकडे वायसर, बाहेरून नट. नट उजवीकडे आवळत जायचा. तो आवळून आवळून कपाला चिकटला की पुढच्या जोराला कप त्याच दिशेने फिरतो, आणि उलट्या आट्याच्या कपाची सुटायची दिशाही तीच. सुलट्या बोल्टने उलटा कप. मी पान्याच्या टोकाला लोखंडी पाइप लावला, काकांनी फ्रेम दोन्ही पायांत धरली. "दोन ते चार आवाज नको," असं बजावायला सेक्रेटरी जिन्यात आले आणि त्याच क्षणी कप 'कटाक्' करून सुटला. सेक्रेटरींचा सूर बदलला. "निघालं का?" म्हणाले आणि स्वतःच वाकून बघायला लागले.

काकांना एकच व्यसन आहे, कानस. काहीही बसत नसलं की ते म्हणतात, "थांब, कानस आणतो." चाकाचा धुरा फ्रेमच्या खाचेत किंचित जड जात होता, तिथे त्यांचा हात फिरला आणि तो बसला. पण ब्रेकजवळही ते तीच घेऊन आले तेव्हा मी चहा मागवला.

छर्ऱ्यांसाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मागच्या चाकाच्या मधल्या हबला पाव इंची, एका बाजूला नऊ, दोन्ही मिळून अठरा. "अठरा?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं. "ग्रोसच्या खाली नाही." आता घरात एकशे चव्वेचाळीस छर्रे आहेत. अठरा हबमध्ये ग्रीसमध्ये बसलेत, उरलेले पोह्याच्या डब्यात. आई डबा उघडण्याआधी हलवून बघते.

जुन्या फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथलं अंतर १२० मिलिमीटर, रिम ब्रेकवाल्या नव्या रोड हबला लागतात १३०. पोलाद असल्यामुळे फाकवता येतं. अॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये, ते तडकतं. आट्यांची सळई आणि दोन नट घेऊन दोन्ही बाजू पाच-पाच मिलिमीटर सरकवल्या. दोन्ही सारख्याच सरकल्यात की नाही ते बघायला पुढच्या नळीला वळसा घालून मागच्या दोन टोकांपर्यंत दोरा ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. दोरा बायकोने धरला. "आपली पत्रिकाही इतकी बारकाईने पाहिली नव्हती," ती म्हणाली.

चाकं २७ इंचीऐवजी ७०० सी घेतली, त्यामुळे ब्रेकचे शू चार मिलिमीटर खाली आणावे लागले. केबल, टेप, चेन हे सगळं विनातक्रार बसलं, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सायकल तयार झाली ती मे संपताना, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. बरं, पाऊस नसला तरी न्यायची कुठे? शहरातले गुळगुळीत रस्ते म्हणजे सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू. तिन्हीकडे सायकलला बंदी. उरतात पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकमधली फट आणि माझा टायर यांची मापं नेमकी जुळतात. त्या सायकलीच्या सबंध इतिहासात विनासायास जुळलेली ही एकमेव जोडी.

पहिल्या रविवारी खाली अंगणात तिची पाहणी झाली. वॉचमनने विचारलं, स्टँड कुठाय. सेक्रेटरींनी विचारलं, मडगार्ड राहिलं का. आईने वरून गॅलरीतून विचारलं, कॅरिअर नसेल तर दळण कसं आणणार. रोड बाइकला यातलं काही नसतं, हे मी क्रमाने समजावलं. प्रत्येकाने मान डोलावली आणि चेहऱ्यावर तेच उमटलं: एवढा खर्च करून अर्धीच सायकल.

काका काही बोलले नाहीत. घरात गेले आणि पितळेची जुनी घंटा घेऊन आले, चिंचेने घासून लखलखीत केलेली. माहीममध्ये घंटेशिवाय सायकल चालवणारा माणूस त्यांना बघवत नव्हता. घंटेची पट्टी साध्या सायकलच्या बारीक हँडलची. माझ्या रोड बाइकचं हँडल मधोमध जाड, २५.४ मिलिमीटरचं. पट्टीची दोन टोकं काही केल्या जवळ येईनात.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"थांब," ते म्हणाले, आणि मी दोन्ही हातांनी हँडल झाकलं.