टिंबाच्या पोटातले जिने

पुण्याच्या खडकवासला-खराडी मेट्रोमार्गाला मंजुरी मिळाल्याची बातमी येऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा रविवारी नळ स्टॉपच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. बंड्याने स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच तोंड उघडलं.

"काय उपयोग, सांगा! नळ स्टॉपवरून वारज्याला फाटा काढणार आणि तो आपल्या चालू वनाज-रामवाडी मेट्रोला जोडणारच नाहीत. म्हणजे मी कर्वे पुतळ्याला बसायचं, इथे उतरायचं, परत दुसऱ्या गाडीत चढायचं. डायरेक्ट पाहिजे, डायरेक्ट! पुणेकराला मधेच गाडी बदलायला लावणं म्हणजे सरळसरळ अपमान आहे."

"तुला मेट्रोत बसणं हाच आधी अपमान वाटायचा," अप्पा म्हणाले. "2022 च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे सुरू झाली, तेव्हा याच बाकड्यावर बसून म्हणाला होतास, पाच स्टेशनांची कसली मेट्रो, जत्रेतली गाडी आहे."

"होतीच जत्रेतली! आणि मी बसलो नाही, माझ्या तत्त्वाला धरून."

"तत्त्व म्हणजे स्कूटर," दिनेश म्हणाला. दिनेश डोंबिवलीचा. पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली तरी आम्ही त्याला अजून पाहुणा म्हणतो आणि तो आम्हाला अजून खेडं म्हणतो.

सुलभाताई बाकड्याच्या टोकाला बसून क्रीम रोल चहात बुडवत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं आणि दोन्ही गुडघे दुखरे. मेट्रोविषयी आमच्यात सगळ्यात नेमकं त्याच बोलतात, ते बहुधा या दोन्ही गोष्टींमुळे. त्यांनी रोल संपवला, बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि बाकड्यावर एक फाटा काढला, बेचक्यासारखा.

"बंड्या, इकडे बघ. हा नळ स्टॉप. ही वनाजकडची, ही वारज्याकडची. दोन्ही तुला डायरेक्ट हव्यात ना? मग पुढे डेक्कनकडे रूळ एकच. त्याच्यावर सहा मिनिटांनी एक गाडी धरू. एक वनाजची, एक वारज्याची. मग तुझ्या वारज्याला किती मिनिटांनी गाडी?"

बंड्या आकाशाकडे बघायला लागला.

"बारा," केतकी म्हणाली. ती हिंजवडीत नोकरी करते, रविवारी धावून आली की कट्ट्यावर बसते.

"बारा. म्हणजे सरासरी सहा मिनिटं उभं राहायचं. आणि दोन्ही मार्ग वेगवेगळे ठेवले, दोन्हीकडे सहा मिनिटांनी गाडी, तर एकीकडे तीन आणि दुसरीकडे तीन. बेरीज तीच. वर वनाजवाल्यांच्या निम्म्या गाड्याही कापल्या जात नाहीत."

"हे वडाळ्यासारखं झालं," दिनेश सरसावला. "मुंबईत हार्बर लाइनला वडाळ्यात गोरेगाव आणि पनवेल फुटतात. तुम्हाला अंधेरीला जायचं असलं की समोरून आधी पनवेल जाणार. नंतर बेलापूर. मग पुन्हा पनवेल. गाड्या रग्गड, तुमची एकही नाही."

"पण त्यात बेरजेत चालणं कुठे धरलंत?" बंड्याला एकदम फट सापडली. आणि खरं सांगतो, त्या सकाळी त्याने विचारलेला हा एकमेव प्रश्न मुद्द्याचा होता.

"तेच तर सांगतेय रे!" सुलभाताईंनी बाकड्यावर तळहात आपटला. "सगळं त्या चालण्यावर आहे. फलाटावरून फलाटावर मिनिटभरात पोचलास तर तुझ्या डायरेक्टची गरज नाही. सहा मिनिटं लागली तर तुझं खरं. नियोजनातला जुना ठोकताळा आहे, चालण्याचं किंवा थांबण्याचं एक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या दोन मिनिटांएवढं वाटतं. माझ्या गुडघ्यांना चार मिनिटांएवढं. लोकांना गाडी बदलायचा त्रास नसतो, जिना चढायचा असतो. आणि नकाशावर इंटरचेंजचं, म्हणजे गाडी बदलायच्या स्टेशनचं, टिंब एकच असतं. त्या टिंबाच्या पोटात किती जिने आहेत, ते नकाशा सांगत नाही."

माझं मत इथे सुलभाताईंच्या बाजूचं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. मागच्याच महिन्यात आईला मंडईत घेऊन गेलो होतो. आनंदनगरला बसलो, जिल्हा न्यायालयाला उतरलो. तिथे वनाज-रामवाडी खांबांवरून जाते आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटर. पुढे मुठेखालून बोगदा न्यायचा म्हणजे खोल जावंच लागतं, हे मला समजतं. काम देखणं आहे. इतक्या खोल फलाटापर्यंत ऊन पोचवलंय त्यांनी. पण एकट्याला मला जे अंतर पाच मिनिटांचं आहे, ते आईबरोबर अकरा मिनिटांचं झालं. सरकत्या जिन्यावर पाय टाकायच्या आधी ती दर वेळी थांबायची, पदर सावरायची, माझा दंड पकडायची, एक पायरी सोडून द्यायची, दुसरीवर पाय ठेवायची. मागचे लोक बिचारे समजूतदार. खाली पोचल्यावर उन्हाच्या त्या तिरिपेत उभी राहून तिने वर बघितलं आणि म्हणाली, "उजेड छान आणलाय रे. पण मला का आणलंस इतकं खाली?"

हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग अर्थातच बंड्या बोलला.

"दिल्लीत बघा! दिल्लीत असले प्रकार नाहीत. तिकडे सगळं एक नंबर."

"दिल्लीत धौला कुआँवरून साउथ कॅम्पसला गाडी बदल एकदा," केतकी म्हणाली. "एअरपोर्ट लाइनवरून पिंक लाइनवर जायला सव्वा किलोमीटरच्या आसपास पूल आहे. सरकते पट्टे लावलेत, पण अंतर ते अंतरच ना, बंडूकाका."

"तू गेली आहेस?"

"गेले आहे. बॅग ओढत."

बंड्या गेलेला नव्हता. त्याच्या दिल्लीच्या सगळ्या गोष्टी साडूकडून येतात.

केतकी दोन वर्षं सिंगापूरला होती. तिथली सिटी हॉल आणि रॅफल्स प्लेस ही लागोपाठची दोन स्टेशनं तिने कागदी पिशवीवर काढून दाखवली. दोन्ही 1987 ची. दोन मार्ग आणि दोन्ही स्टेशनांना दोन्ही मार्गांच्या गाड्या. फलाट मधे, एका कडेला एका मार्गाची गाडी, समोरच्या कडेला दुसऱ्या मार्गाची. पहिल्या स्टेशनवर दिशांच्या काही जोड्या समोरासमोर येतात, राहिलेल्या पुढच्या स्टेशनवर. तुम्हाला कुठून कुठे वळायचंय त्यावरून कुठल्या स्टेशनला उतरायचं ते ठरतं, आणि उतरलं की फलाट ओलांडायचा, बस्स. जिना नाही. "दहा-बारा पावलं," केतकी म्हणाली. "पहिल्या दिवशी मी पाट्या शोधत बसले होते आणि गाडी समोरच उभी होती."

"त्यासाठी दोन्ही मार्ग एकाच वेळी, एकाच टेबलावर आखावे लागतात," सुलभाताई म्हणाल्या. "आधी एक बांधायचा, दहा वर्षांनी दुसरा आणून चिकटवायचा, मग मधे पूल टाकायचा, असं केलं की टिंब नकाशावरच राहतं."

इथे अप्पांना राहवेना. अप्पांच्या पोटात दोन जुनी दुखणी आहेत. एक 1987 च्या विकास आराखड्यातला वर्तुळाकार मार्ग, जो आम्ही सगळे म्हातारे होईपर्यंत कागदावरच राहिला. दुसरं बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू झाली तेव्हा देशातली पहिली म्हणून अप्पांनी सगळ्यांना पेढे दिले होते.

"सगळे रस्ते मध्यावर नेऊन बांधायची खोडच आहे आपल्याला," अप्पा तापले. "कोथरूडहून स्वारगेटला जायला आधी न्यायालयात हजेरी! गुन्हा काय केलाय आम्ही? स्कूटरवर दांडेकर पुलावरून पंधरा मिनिटांत पोचतो माणूस. आणि बीआरटी नीट चालू दिली असतीत तर..."

"बीआरटीच्या लेनमधून हा स्कूटर घालायचा," दिनेशने बंड्याकडे बोट केलं.

"रिकामी असायची ती लेन!"

"रिकामी ठेवायचीच असते रे, बसला!" अप्पा ओरडले. चहावाल्याने मान बाहेर काढून बघितलं.

त्यातून बोलण्याची गाडी जंगली महाराज रोडवर गेली. मेट्रो तिथून न नेता नदीकाठाने नेली, हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं, तो वाद आमच्याकडे दर दोन महिन्यांनी एकदा होतो. मी तो इथे पुन्हा लिहीत नाही. सुलभाताईंचं एक वाक्य मात्र लिहितो, कारण मार्ग कुठून न्यायचा आणि बदल कुठे करायचा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे मला त्या वाक्याने कळलं. "मार्ग नदीकडे पन्नास-शंभर पावलं सरकवलास की तेवढी पावलं रोज प्रत्येक माणसाच्या पायात घातलीस. मग नारायण पेठेतल्यांसाठी पादचारी पूल, त्या पुलासाठी भिडे पूल महिनोन्महिने बंद. एक रेघ हलते, रे, आणि अख्खं गाव चालतं."

"चालू दे की! चालणं तब्येतीला चांगलं," बंड्या म्हणाला. हा तोच बंड्या, ज्याला नळ स्टॉपला फलाट बदलणं हा अपमान वाटत होता.

दिनेश बराच वेळ ग्लास फिरवत गप्प बसला होता. एरवी तो मुंबईचं नाव काढलं की फुशारक्या मारतो. त्या दिवशी हळूच म्हणाला, "आम्ही लोक रोज गाडी बदलतो. दादरला सेंट्रलवरून वेस्टर्नला, कुर्ल्याला हार्बरला. कुणी अपमान मानत नाही. पण जागा लागते हो. एल्फिन्स्टनचा पूल आठवतो ना? 29 सप्टेंबर 2017. परळवरून एल्फिन्स्टनला जायचा अरुंद जिना, पाऊस आला, लोक आडोशाला थांबले, मागून गर्दी येत राहिली. तेवीस माणसं गेली. त्या पुलावरून माझा भाऊ सहा वर्षं जात होता. त्या दिवशी त्याची रजा होती." ग्लास खाली ठेवला. "आणि मग नवा पूल लष्कराने पाच महिन्यांत बांधून दिला. पाच महिन्यांत! म्हणजे करता येत होतं."

मला वाटतं, इंटरचेंजवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी. जिन्याची रुंदी ही सोयीची बाब नाही, ती जिवाची बाब आहे.

सुलभाताई पुढे झुकल्या. "म्हणून मला स्वारगेटची धास्ती आहे. आत्ताची गाडी जमिनीखाली आहे, पुढे कात्रजलाही खालूनच जाणार. खडकवासला-खराडी वरून, खांबांवर. शेजारी एसटीचं स्टँड, पीएमपीचं स्टँड, वर उड्डाणपूल. जिल्हा न्यायालयात जे झालं तेच पुन्हा, आणि इथे हातात पिशव्या, पोरं, गावाकडची पोती असलेली माणसं. खांब कुठे उभा राहणार, लिफ्ट कुठून कुठे जाणार, ते आत्ता ठरतंय. एकदा काँक्रीट ओतलं की नंतर नुसत्या पाट्या लावतात, 'कृपया इकडून जा'. नळ स्टॉपला तर दोन्ही मार्ग वरच आहेत, तिथे लांब पूल काढला तर मी स्वतः जाऊन बसेन त्यांच्या दारात. डायरेक्टसाठी ओरडू नका. फलाट ते फलाट किती पावलं, ते विचारा. लेखी विचारा."

"आणि हिंजवडीची?" केतकीने विचारलं. "तीही जिल्हा न्यायालयातच येणार. चालवणारी कंपनी वेगळी. बाहेर पडून पुन्हा तिकीट काढायला लावलं तर जिने परवडले."

"तेही विचार. तेही लेखी."

आता सुलभाताईंनी पुन्हा चहात बोट बुडवलं. नळ स्टॉप, मग माणिकबाग, जिथे वारज्याचा फाटा खडकवासला-खराडीला मिळणार, मग स्वारगेट, जिल्हा न्यायालय, परत नळ स्टॉप. बाकड्यावर एक वाकडा चौकोन उमटला. "हे बघा. आत्तापर्यंत आपल्याकडे नुसती फुली होती. काही अडलं की सगळं त्या एका न्यायालयात अडायचं. वारज्याचा फाटा झाला की पहिल्यांदाच एका ठिकाणी जायला दोन वाटा होतील. बंड्या, तुला कर्वे पुतळ्यावरून स्वारगेटला जायचंय. न्यायालयाकडून गेलास तर दोनदा बदल. माणिकबागेकडून एकदाच."

बंड्याने चौकोनाकडे नीट बघितलं. "म्हणजे स्वारगेटला जायला मी उलटा वारज्याकडे जायचं? सिंहगड रोडवर? तिकडे माझे व्याही राहतात!"

"मग?"

"दिसलो तर थांबवून घेतील ना जेवायला!"

इथे पहिल्यांदा सगळे हसले, अप्पासुद्धा. बंड्याला मात्र तो गंभीर आक्षेप वाटत होता. तो हात वर करून पुन्हा म्हणाला, "माझं एकच म्हणणं. घरून निघालो की थेट पोचलो पाहिजे. मधे कुठे थांबणं नाही."

"घरून निघून इथे यायला तुला किती वेळ लागला आज?" दिनेशने विचारलं.

"पाऊण तास."

"अंतर?"

"एक किलोमीटर असेल."

"आणि मधे?"

बंड्या गप्प. केतकीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मारुतीच्या देवळात नमस्कार. पेपरवाल्याकडे दहा मिनिटं गप्पा. मग कोपऱ्यावर पोहे, मी धावताना बघितलंय तुम्हाला, बंडूकाका, दोन प्लेट. तीन इंटरचेंज झाले."

"पोह्यांचं स्टेशन मोठं आहे," अप्पा म्हणाले. "तिथे फलाट ते फलाट वीस मिनिटं."

सुलभाताईंना हसताना ठसका लागला. चहावाला सहा ग्लास गोळा करून उभा राहिला आणि सवयीने बंड्याकडे बघायला लागला. बंड्याने स्कूटरला किक मारली.

"अरे, चहाचे पैसे!" अप्पा ओरडले.

"राहू दे, अप्पा," दिनेश म्हणाला. "ही डायरेक्ट गाडी आहे. इथे थांबा नाही तिला."