"शेजारचे आहेत का घरात?"

रात्रीचे साडेनऊ. आमच्या लालबागच्या चाळीत पाठीला बॅग लावलेला एक पोरगा तिसऱ्या मजल्यावर आला आणि गॅलरीत लसूण सोलत बसलेल्या मलाच त्याने हे विचारलं. शेजारचा दादा लाईट बंद करून आतच होता. मी म्हटलं, "गावी गेलेत. चार दिवस झाले."

कर्जाचा वसुलीवाला होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलंय की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोनसुद्धा करायचा नाही, दारात येणं तर लांबच. त्यामुळे त्या रात्री मला शांत झोप लागली.

बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं माझं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ च्या एका निबंधात लिहिलंय की खुनी दारात येऊन मित्र कुठे लपलाय विचारू लागला, तरी खोटं बोलायचं नाही. वर्गात आम्ही हसलो होतो. आपल्याकडे कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक तपस्व्याची गोष्ट सांगतो. लोक कुठे लपलेत ते त्याने दरोडेखोरांना खरंखरं सांगितलं, ती माणसं मारली गेली आणि हा सत्यवादी नरकात गेला. कांटने त्याला पैकीच्या पैकी दिले असते! कृष्ण म्हणतो, गप्प राहून सुटत असाल तर तोंड उघडू नका. बोलावंच लागलं, किंवा गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तर खोटं बरं. चाळीत कुणी गप्प राहिलं की माणूस आत आहे हे पोरंही ओळखतात. म्हणजे मी कृष्णाच्या बाजूची. विषय संपला, असं मला वाटलं.

बारा दिवसांनी खालच्या मजल्यावरची मावशी आली. ती पोळीभाजीचे डबे करते, भिशी चालवते. दादाने दुसऱ्याच महिन्यात भिशी उचलली आणि हप्ते बंद केले. ते ती पदरचे भरतेय. "अगं, आहे का गं तो?"

"गावी गेलाय," माझ्या तोंडून निघून गेलं. तेच वाक्य, तसंच तयार.

आणि तिने ते लगेच खरं मानलं. वसुलीवाल्याने निदान माझ्याकडे संशयाने पाहिलं होतं. कांट परिणाम मोजत बसत नाही, तो विचारतो की समोरच्याला तू माणूस म्हणून वागवलंस की साधन म्हणून वापरलंस. मावशीचा माझ्यावरचा विश्वास मी दाराला कडी घालावी तसा वापरला होता. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमसारखी सुखदुःखाची बेरीज करायला बसले तरी मावशीच्या गॅसच्या बिलाशीच येऊन अडकले. कृष्णाची सवलत मागावी, तर त्या गोष्टीत दारात दरोडेखोर होते. माझ्या दारात कोण होतं?

खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मी दादासाठी बोललेच नाही. गॅलरीत भांडण नको, एवढंच होतं.

दादाला म्हटलं, आठ दिवसांत तू मावशीला भेट, नाहीतर मी सांगेन. तेव्हापासून वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आज सहावा दिवस. सकाळी मावशी जिन्यात भेटली. डब्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "गावाहून आला की हाक मार हं मला."