गोगलगायींची शिरगणती

परवा माझा प्रकल्प-अहवाल तपासून परत आला. समासात सरांची लाल शाई: 'ऋणनिर्देशात त्या गृहस्थांचाही उल्लेख व्हावा.' त्या गृहस्थांचा! ज्या माणसाने माझं अख्खं सत्र टोपीत भरून आणलं आणि माझ्या पायांशी ओतलं, त्याचे मी आभार मानायचे.

परदेशातलं एक सत्र, विषय फील्ड इकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. माहितीपत्रकावर धबधबा होता, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली हसरी मुलं होती. स्टॅटिस्टिक्सचा फोटो नव्हता. तो काढायचाच झाला तर रात्री एक वाजता लॅपटॉपमध्ये हरवलेला स्वल्पविराम शोधणाऱ्या मुलीचा काढावा लागला असता. आम्हाला 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकायची होती. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती बनवायला घेतली आणि काही अंशी दोघांच्याही नावांचं पहिलं अक्षर 'आर' म्हणून एकाच अक्षरात बारसं उरकलं. मला ती रोज एकच गोष्ट ऐकवायची: 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड.' सापडत नाही. काल रात्री मीच तयार केलेला डेटा, आज सापडत नाही!

प्रकल्पासाठी मी गोगलगायी निवडल्या. पक्षी उडतात, बेडूक उड्या मारतात, गोगलगाय कुठे जाणार? पद्धत जुनी आणि सज्जन. डेन्मार्कच्या पीटरसनने 1896 साली माशांवर खुणा करून ती वापरली, अमेरिकेत लिंकनने 1930 साली वाळे घातलेल्या बदकांवरून एकूण बदकांचा अंदाज बांधला. काही प्राणी पकडायचे, खूण करून सोडायचे, चार दिवस सगळ्यांत मिसळू द्यायचे आणि पुन्हा पकडायला जायचं. दुसऱ्या खेपेला खुणेचे किती सापडले, यावरून एकूण संख्या काढायची. अट एवढीच, की खुणेचा आणि बिनखुणेचा प्राणी हाती लागण्याची शक्यता सारखी हवी. मी 60 गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल रंगाचे. ती चूक माझी, मान्य.

पाचव्या दिवशी पुन्हा पकडायला गेले. दोन तासांत 14 सापडल्या, त्यांत ठिपक्याच्या तीन. मी गुडघ्यांवर, नाक पाचोळ्यात. तेवढ्यात समोर बुटांची एक जोडी येऊन थांबली. बुटांच्या वर आजोबा.

"काय हरवलं?"

"काही नाही. गोगलगायी मोजतेय."

"तुझ्या आहेत?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी थकले होते, पाठ धरली होती. "त्या लाल ठिपकेवाल्या माझ्या," म्हटलं आणि पुन्हा पाचोळ्यात डोकं घातलं. ते वाक्य मला आजही रात्री आठवतं.

तासाभराने आजोबा परत आले. टोपी डोक्यावर नव्हती, दोन्ही हातांत होती, देवळातून तीर्थ आणावं तशी सांभाळून धरलेली. त्यांनी ती माझ्यापुढे हळूच उपडी केली. बावीस गोगलगायी. बावीसच्या बावीस लाल.

"दुसऱ्याही पुष्कळ दिसल्या," ते म्हणाले, "पण त्यांना हात लावला नाही. परक्याची वस्तू आपण कशाला घ्या?"

मी तोंड उघडलं, मिटलं. "आजोबा, या कुठे सापडल्या?"

"सगळीकडे." त्यांनी हात फिरवला. त्यात जंगल, ओढा आणि थोडंसं आकाशही आलं.

"पण मी त्या मुद्दाम सोडल्या होत्या."

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तान्ही मुलं रस्त्यावर सोडून आले होते. "अगं, पाऊस येणार आहे!"

आता हिशेब बघा. खुणेच्या 60 गुणिले पकडलेल्या 14, भागिले त्यांतल्या ठिपक्याच्या 3: संख्या येते 280. आजोबांच्या बावीस धरल्या तर पकडलेल्या 36, त्यांत ठिपक्याच्या 25, आणि संख्या येते 86.4. दोनशे गोगलगायी एका टोपीत गडप, वर ती चार दशांश गोगलगाय कुठली ती वेगळीच. बरं, परत ठेवाव्यात तर कुठे? 'सगळीकडे'? गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, ते मला आजवर गोगलगायीबद्दल वाटायचं.

सरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "मर्यादा या सदरात लिहा." सगळं तिथेच लिहायचं. पाऊस, आजारपण, जळू चिकटलेला पाय, सगळं मर्यादांत. पुन्हा मोजणी करायला वेळ द्या म्हटलं, तर वेळापत्रकात आठवडा शिल्लक नाही. सत्राची फी भरताना असल्या मर्यादा कुणी सांगितल्या नव्हत्या. सादरीकरणात माझ्या आलेखांवर एकानेही प्रश्न विचारला नाही. टोपीच्या फोटोला मात्र टाळ्या पडल्या. दोनदा दाखवावा लागला.

निघायच्या आदल्या सकाळी मी सामान बांधत होते. दारावर टकटक. आजोबा. तळहातावर एक गोगलगाय, शंख स्वच्छ तपकिरी.

"ही एक राहिली होती."

"हिच्यावर ठिपका नाही, आजोबा."

"रंग उडालाय," ते म्हणाले. "पण मी ओळखली. तुझीच आहे."

मी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली, उलटीसुलटी करून पाहिली. मग बांधलेली बॅग उघडून डेटाशीट काढली. तिच्यात रकाने दोनच होते, ठिपका आहे आणि ठिपका नाही, आणि आजोबा दारातच उभे होते, मी कुठल्या रकान्यात लिहिते ते बघत.