‘जागेवर रोख घ्या, कंपनीला कळवू नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सिग्नलला उभ्या असलेल्या मावशीच्या गाडीला गेल्या आठवड्यात मागून एक गाडी येऊन धडकली. बंपरला चीर गेली आणि डिकीच्या झाकणाला थोडा चेप आला. धडक देणाऱ्याने चूक लगेच कबूल केली, पाच हजार रुपये काढून दिले आणि एका कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून मावशीची सही घेतली. मावशी समाधानाने घरी आली, कारण तिने सगळं ग्रुपवर आलेल्या मेसेजप्रमाणे केलं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बंपर उतरवला, तेव्हा आतली लोखंडी पट्टी वाकलेली, पार्किंग सेन्सर तुटलेला आणि डिकीखालचा पत्रा आत गेलेला दिसला. पाच हजारांत यातलं फारसं काही निघणार नाही. आणि तो माणूस आता फोन उचलत नाही.

तो मेसेज माझ्याकडेही आला होता. त्यात म्हटलंय: नव्या कायद्यानुसार मागून धडकणारा नेहमीच दोषी, त्याची किल्ली आणि लायसन्स ताब्यात घ्या, नुकसानभरपाई जागेवर रोख घ्या, स्वतःच्या विमा कंपनीला कळवू नका, बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) जातो, गाडी दुरुस्त करून बिल त्याच्या कंपनीला पाठवा, सात दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. मी तेव्हा वाचून सोडून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

सगळ्यात घातक सल्ला रोख घेण्याचा आहे. आजकालच्या गाड्यांचा बंपर म्हणजे प्लास्टिकचं आवरण. धक्का बसला की ते वाकतं आणि बरेचदा परत जागेवर येतं, पण मागची पट्टी, क्लिपा, वायरिंग, सेन्सर यांना बसलेला मार आवरण उतरवल्याशिवाय दिसत नाही. डेंटिंगवाला मिस्त्रीसुद्धा रस्त्यावर उभं राहून खरा आकडा सांगणार नाही, मग घाबरलेल्या माणसाने तो पाच मिनिटांत कसा ठरवायचा?

त्याहून वाईट म्हणजे ती सही. आपल्याकडच्या खासगी कारच्या प्रमाण पॉलिसीच्या शेवटी अटी छापलेल्या असतात. कंपनी कुठलीही असो, त्या जवळपास सारख्याच असतात. मावशीची पॉलिसी काढून मी त्या पहिल्यांदाच नीट वाचल्या. दुसरी अट सांगते की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही कुठलीही कबुली, वचन किंवा पैसे द्यायचे नाहीत. त्याच अटीत कंपनीला तुमच्या नावाने दुसऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणजे कंपनीने तुमच्या दुरुस्तीचे पैसे दिले, की दोषी माणसाकडून ते मागण्याचा अधिकार तिच्याकडे जातो. ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलं की तिची ती वाट तुम्ही स्वतःच्या सहीने अडवता आणि मग क्लेमच्या वेळी कंपनी प्रश्न विचारते. त्यात तिचं चूक नाही.

पुढचा सल्ला ‘आधी दुरुस्त करा, मग बिल पाठवा’. त्याच अटींनुसार अपघाताची लेखी खबर कंपनीला ताबडतोब द्यायची असते. परस्पर दुरुस्ती करून घेण्याची मुभा आहे ती फक्त ५०० रुपयांपर्यंत, एवढ्यात आज आरसाही बसत नाही. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसाने, पाहण्याआधी गाडी ठोकून रंगवली, तर त्याने नुकसान कशावरून ठरवायचं? शिवाय तशीच मोडलेली गाडी चालवत राहिलात आणि नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान पूर्णपणे तुमच्या माथी, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय.

सात दिवसांत पैसे देण्याचा असा कोणताही नियम नाही. धडक देणाऱ्याच्या थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या) विम्यातून भरपाई हवी असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते, पण त्याने प्रीमियम वाचवायला ती ६,००० पर्यंत खाली आणलेली असू शकते. चेपलेल्या बंपरसाठी हा मार्ग लांबचा आहे. म्हणूनच फुल इन्शुरन्स (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा) असलेल्याने आधी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करावा. तिथे चूक कुणाची हे आधी सिद्ध करावं लागत नाही.

आता बोनसबद्दल. हे मान्य करायला जिवावर येतं, पण यात तथ्य आहे. चूक दुसऱ्याची असली तरी ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा पुन्हा चढायला पाच वर्षं लागतात. तुमचा बोनस ५० टक्के असेल आणि ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० धरला, तर त्या काळात एकूण १२,५०० रुपयांची सवलत हातची जाते. त्यात वजावट (प्रत्येक क्लेममध्ये स्वतः भरायची ठरलेली रक्कम) आणि प्लास्टिकच्या भागांवरचा ५० टक्के घसारा (तो न कापणारं झिरो डेप कव्हर नसेल तर) धरला, की किरकोळ कामासाठी क्लेम न घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण हा हिशेब गॅरेजचं एस्टिमेट हातात आल्यावर करायचा असतो. शिवाय कंपनीला कळवणं म्हणजे क्लेमचे पैसे घेणं नव्हे. कळवून नंतर क्लेम मागे घेता येतो. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे, त्याने आपसात मिटवायलाही माझी हरकत नाही, फक्त बंपर उघडून एस्टिमेट मिळाल्यावर आणि लेखी.

मागून धडकणारा बहुतेक वेळा दोषी असतो, कारण पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवणं हे त्याचंच काम. ‘नेहमीच’ मात्र नाही. पुढचा रिव्हर्स घेत असेल किंवा त्याचे ब्रेकलाइट बंद असतील, तर चूक वाटली जाते.

किल्ली आणि लायसन्स हिसकावण्याचा अधिकार तुम्हाला नाही. लायसन्स जप्त करणं पोलिसांचं काम आहे. तुम्ही ओढाताण केलीत तर तक्रार तुमच्यावरच होईल. कायद्याने तुम्हाला दिलंय ते वेगळं आहे: कलम १३२ प्रमाणे अपघातात सापडलेल्या गाडीच्या चालकाने थांबायलाच हवं, आणि तुम्ही स्वतःचं नाव-पत्ता देऊन मागितलंत तर त्याने स्वतःचं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यायलाच हवं. ते घ्या. गाड्या हलवण्याआधी नंबरप्लेटसकट फोटो काढा. त्याचा विमा चालू आहे का, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून तिथेच पाहता येतं. कुणाला लागलं असेल तर हे सगळं नंतर, आधी दवाखाना आणि पोलीस.

मावशीने काल कंपनीला कळवलं. उशीर झालाय, पण कारण खरं असेल तर निव्वळ उशिरासाठी क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाचं सप्टेंबर २०११चं परिपत्रक आहे, ते मी तिला पाठवलं. पाच हजार मिळाल्याचं आणि सही केल्याचं फॉर्ममध्ये लपवू नकोस, हेही सांगितलं. बंपर उतरवलेल्या अवस्थेतच गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. सर्व्हेअर परवा येणार आहे.