चार भोकांचा हिशेब

आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. सोलापूरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. बाहेरच्यांसाठी सांगतो, एप्रिलात पारा 42-43 वर गेला की दुपारी तीननंतर त्या खिडकीतून जे आत येतं त्यावर शेंगा भाजता येतात.

यावर बायकोने उपाय काढला, पडद्याच्या जागी सोलापुरी चादर. आहेरात आलेल्या नऊ चादरी कपाटात होत्याच. आम्हाला आहेरातही चादरच मिळते आणि आम्ही परत देतो तीही चादरच. चादरीला वजन किती असतं हे मात्र रॉडला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दुपारी रॉड, चादर, चार खिळे आणि ओंजळभर प्लास्टर असा सगळा ऐवज खाली झोपलेल्या आप्पांच्या अंगावर आला. आप्पा उठले नाहीत. सुनेने पांघरूण घातलं असं त्यांना वाटलं. "उन्हाळ्यात कशाला गं?" एवढं बोलून कुशीवर वळले.

म्हणजे खिळ्यांचं काम नव्हे. भोक पाडून, गट्टी ठोकून, स्क्रू पिळायला हवा. एका वायरमनला फोन केला. "भोकाला शंभर. चार म्हणजे चारशे. येतो की संध्याकाळी." कुठल्या संध्याकाळी, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. दहा संध्याकाळी वाट पाहिली.

अकराव्या दिवशी शेजारचे अण्णा आपलं ड्रिल घेऊन आले. साधं 10 एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल. मी स्टुलावर, अण्णा स्टूल धरून, अण्णांचा नातू नुसता बघायला. प्लास्टर लोण्यासारखं गेलं. अर्धा इंच आत गेल्यावर ड्रिल जे थांबलं ते थांबलंच. "जोर लावा की ओ," अण्णा म्हणाले. लावला. भिंतीतून जळका वास यायला लागला. तेव्हा नातू हळूच म्हणाला, "आजोबा, ते उलटं फिरालंय."

सुलटं केलं. जळका वास तेवढाच, प्रगती तेवढीच, फक्त आता उलट्या फिरण्याचं निमित्त उरलं नव्हतं. बिट बाहेर काढलं तर टोक निळं पडलेलं. अण्णांनी ते रुमालात गुंडाळून नेलं. बोलले काही नाहीत, पण दोन दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

मग मी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं. इथं पुण्याचा मेव्हणा उपयोगी पडला. त्याच्या सोसायटीत दुपारी ड्रिल चालवायला बंदी, सकाळी तो ऑफिसात आणि रात्री लोक भांडायला येतात. त्यामुळे त्याचं सगळं ज्ञान न वापरता शिल्लक आहे. "दाजी, डोळे झाकून रोटरी हॅमर घ्या," म्हणाला आणि डोळे उघडे ठेवून बघायचे सव्वीस व्हिडिओ पाठवले.

ते बघता बघता मी 18 व्होल्टच्या बॅटरीवाल्या ड्रिलच्या प्रेमात पडलो. वायर नाही, हातात धरलं की पिस्तूल. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीने 1917 साली पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळवलं. तेव्हापासून भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गृहस्थाला आपण कुणाला तरी पकडायला आलोय असं वाटत असणार. पण बॅटरी आणि चार्जरसकट किंमत बघितली आणि मीच शरण गेलो.

मंगळवार पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालकांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"भिंत कसली हाय?"

"क्रीम कलरची."

मालकांनी नोकराकडे बघितलं. नोकराने छताकडे बघितलं.

"रंग नव्हं ओ मालक. आत काय हाय? वीट हाय का दगड हाय का काँक्रीट हाय?"

सोलापुरात गिऱ्हाईकाने दुकानदाराला आणि दुकानदाराने गिऱ्हाईकाला मालक म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे खरा मालक कोण हे बिल होईपर्यंत ठरत नाही. पण त्या प्रश्नाने मी गार पडलो. पस्तीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून पेपर वाचला. आत काय आहे ते माहीत नाही.

आप्पांना फोन लावला. त्यांनी 1989 साली स्वतः उभं राहून घर बांधलंय. गिरणीतून पाळी सुटली की थेट बांधकामावर.

"कुठली भिंत?"

"खिडकीच्या वर, आप्पा."

"तिथं लिंटेल हाय, खिडकीवरचा काँक्रीटचा पट्टा. सहा इंच जाड, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच विटेत घुसवलंय. मी स्वतः दहा दिवस पाणी मारलंय त्याला. अण्णाच्या खेळण्यानं भोक पडंल होय त्याला?"

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"मला कोण इचारलं?"

फोन स्पीकरवर होता. मालक खूश झाले. भिंत ओळखणारा माणूस घरात असून हा मशीन ओळखायला फिरतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी काउंटरवर दोन मशीनं ठेवली आणि मला जे समजावलं ते सव्वीस व्हिडिओंत मिळून कळलं नव्हतं.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. एक दुसरीवरून घसरते आणि दातांच्या खाचाखळग्यांमुळे बिट थडथडतं, दगडी रस्त्यावरून टांगा गेल्यासारखं. खोक्यावर अभिमानाने छापलं होतं, मिनिटाला 48,000 ठोके. पण प्रत्येक ठोका म्हणजे चिमटा. विटेला तेवढा पुरतो, काँक्रीट दाद देत नाही. मागून आपण जितकं रेटू तितकंच ते चालणार, म्हणजे निम्मं मशीन आपणच. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या असतो. तो हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतल्या हातोड्याला बिटावर फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका म्हणजे दणका. माणसाने फक्त धरायचं. आवाजही वेगळा, माग चालताना धोटा इकडून तिकडे आपटतो तसा खणखणीत.

मला हे पटकन कळलं, कारण आमच्या घरी दोन्ही प्रकार होते. आई दिवसभरात 48,000 वेळा ओरडायची, आमच्यावर ओरखडाही उठत नसे. आप्पा वर्षातून एकदा बोलायचे, ते आरपार जायचं.

बिट बसवायला चावी लागत नाही, हा आणखी एक फायदा. साध्या ड्रिलची चावी ही वस्तू हरवण्यासाठीच बनवलेली असते. इथे बिट धरून ठेवायला एसडीएस चक. ही जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत, अर्थ साधारण 'घाला, फिरवा, बसलं'. घातलं, फिरवलं, खट्ट करून बसलं. तोटा एकच, हे मशीन नाजूक भिंतीचं नव्हे. हल्लीच्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या घरात ठोके बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर गट्टीएवढं भोक मागता नारळाएवढं मिळतं.

"किती?"

"तुमच्यासाठी पाच हजार सहाशे. भोकं किती पाडायचेत?"

"चार."

मालकांनी मान खाली घालून बिल केलं. त्यांचे खांदे हलत होते.

घरी आप्पांनी बिल वाचलं. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, सूत आणि पैसा दोन्ही मोजून घ्यायची सवय. "भोकाला चौदाशे पडलं," म्हणाले. "वायरमन शंभरला देत होता."

तयारी आप्पांनीच केली. बिटाला मापावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे भोक किती खोल गेलं ते कळतं. भोकातली पूड उडवायला सायकलचा पंप आणला, कारण तोंडाने फुंकली की ती आपल्याच डोळ्यांत येते. डोळ्यांना त्यांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा मला दिला. त्यातून भिंत दिसत नव्हती, पण धीर आला. घोडा दाबला. खोली हादरली, समोरच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं थांबलं आणि बिट लिंटेलमध्ये असं शिरलं की मला माझ्याच हाताचा अभिमान वाटला. आप्पा खाली पडणारी पूड चिमटीत धरून चोळत होते. "करडं पीठ आलं म्हणजे काँक्रीट, लाल आलं म्हणजे वीट." मशीन न घेता एवढं एक वाक्य मिळालं असतं तरी माझे दोन आठवडे वाचले असते.

तिसऱ्या भोकाला आवाज एकदम बदलला. मशीन हातात उसळायला लागलं.

"थांब! सळई लागली. रेटू नको, बिटाचं टोक जाईल. अर्धा इंच सरक."

सरकलो. त्यामुळे चाराची पाच झाली. आप्पांनी बिलाच्या मागे लगेच लिहिलं, 1,120. भाव उतरलेला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला तिथंच सावध व्हायला हवं होतं.

"आण इकडं," म्हणाले. वय वर्षं ब्याऐंशी. कॅलेंडरला एक भोक पाडलं. आईच्या फोटोला एक पाडलं, मग फोटो मधोमध येईना म्हणून शेजारी आणखी एक. पाणी प्यायला थांबले तेव्हा आठ झाली होती आणि भाव सातशेवर आला होता. "छप्पन्न झाली की वायरमनच्या भावाला बरोबर," म्हणाले. त्यांनी हा हिशेब तोंडी केला होता.

मी घाईघाईने रॉड बसवला. रॉडला लोंबकळून बघितलं, हलला नाही. बायको भाजी घेऊन आली. तिने आधी रॉड बघितला, मग जमीन, आणि विचारलं, "चादर कुठाय?"

पूड फरशीवर पडू नये म्हणून आप्पांनी कपाटातली पहिली हाताला लागेल ती चादर खाली अंथरली होती. खिडकीची तीच. तिच्यावर आता शेरभर काँक्रीट आणि अच्छेर वीट होती. झटकली तर घरभर, धुवायची तर पाणी. आमच्या नळाला पाणी पाच दिवसांआड येतं आणि ते कालच येऊन गेलं होतं.

"दुसरी लावू की, आठ आहेत," मी म्हणालो.

"त्या आहेराच्या आहेत," ती म्हणाली.

तेव्हा पाणी येईपर्यंत खिडकी उघडीच. रॉड पक्का आहे. मी हे लिहितोय तेव्हा दुपारचे साडेतीन झालेत, शेंगा भाजतायत, आणि आप्पा कानामागे पेन्सिल खोचून मागच्या खोलीत गेलेत. तेवीस झाली.