स्वच्छ कड आणि मजबूत कड : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अतिलघू पल्सच्या, म्हणजे प्रकाशाचे अत्यंत अल्पकाळ टिकणारे झोत सोडणाऱ्या, लेसरने काच कापली की कडेला घासाई लागत नाही, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण रबाळे एमआयडीसीतील स्वतःच्या कामाचा दाखला देऊन लिहिले आहे की, लेसरने कापलेल्या ०.७ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या पट्ट्या वाकवून पाहिल्यावर, छोट्या कठीण चाकाने चरा पाडून कापलेल्या व मग घासलेल्या पट्ट्यांपेक्षा आधी तुटल्या, त्यातही पट्टी उलटी ठेवली की आणखी लवकर तुटल्या, आणि ‘थंड कटाई’ (काच न तापवता कापणे) हा निव्वळ विक्रेत्यांचा शब्द आहे.

घासाईविषयीचे माझे वाक्य चुकीचे होते. वागळे इस्टेटमध्ये माझ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी दोन्ही कडा शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. चाकाच्या दाबाने चऱ्याखाली जो उभा तडा जातो तोच काच वेगळी करतो. पण त्याच दाबाने बाजूला आडवे तडेही फुटतात आणि ते पृष्ठभागाला येऊन मिळाले की टवके उडतात. लेसरच्या कडेला असे टवके जवळजवळ नव्हते, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे मी धरून चाललो. काच मात्र सरासरी खडबडीतपणाने तुटत नाही. ताण येणाऱ्या बाजूला असलेल्या सर्वांत घातक तड्यापासून तुटते, हे ग्रिफिथ या संशोधकाने १९२० मध्येच दाखवले आहे. साध्या काचेच्या कडेला १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल सरळ तडा असेल तर ती सुमारे १२० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताणाला तुटेल, आणि तडा ४० मायक्रॉन असेल तर ६० ला. हा फरक ५० पट मोठे करून पाहिलेल्या कडेवर डोळ्यांना दिसेलच असे नाही.

हे तडे येतात कुठून, हा खरा प्रश्न आहे. ऍक्सिकॉन या शंकूच्या आकाराच्या भिंगातून गेलेला किरण काचेच्या संपूर्ण जाडीतून एक बारीक रेषा उमटवतो. काही मायक्रॉनच्या अंतराने अशा रेषांची रांग पाडायची आणि मग दाबून किंवा कार्बन डायऑक्साइड लेसरने तापवून काच त्या रांगेत उकलायची, अशी ही पद्धत आहे. किरणाचा छेद वर्तुळाकार असेल तर प्रत्येक रेषेभोवती तडे कोणत्याही दिशेला जातात, आणि त्यांतले जे कापाच्या मार्गाला आडवे, म्हणजे तुकड्याच्या आत शिरतात, तेच आपल्या पट्ट्या तोडत असावेत. छेद लंबगोल करून त्याची दिशा मार्गाशी जुळवली तर तडे बव्हंशी मार्गाच्याच बाजूने धावतात. वळणावर ही दिशा सतत फिरवावी लागते, आणि नेमकी तिथेच सेटिंगची चूक होते.

पट्टी उलटी ठेवल्यावर पडणारा फरक मला फार मोलाचा वाटला. वाकवताना ताण खालच्या पृष्ठावर येतो. रेषा जाडीत थोडी वर किंवा खाली सरकलेली असेल, तर किरण आत शिरतो ते पृष्ठ आणि बाहेर पडतो ते पृष्ठ यांची इजा सारखी राहत नाही. पुढच्या खेपेस शिरण्याच्या पृष्ठावर पेनने खूण करून दोन्ही गट वेगळे मोडावेत, आणि मोडलेले तुकडे टाकून देऊ नयेत. तुटीच्या पृष्ठावर आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसेल. त्याच्या केंद्राशी तुटीचे मूळ असते.

‘थंड’ या शब्दाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. १०३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला काच पारदर्शक असते. प्रकाशाची तीव्रता अफाट झाली तरच एकेक इलेक्ट्रॉन अनेक प्रकाशकण एकदम शोषतो. ती ऊर्जा काचेच्या अणूंपर्यंत पोहोचायला काही पिकोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग) लागतात, आणि ३०० फेमटोसेकंदांची (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पल्स तोवर केव्हाच संपलेली असते. १०.६ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइड लेसर पृष्ठभागावरच शोषला जाऊन काच तापवतो, त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. एवढे खरे की मायक्रॉनभर जागेतली उष्णता पांगायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. त्याआधीच त्याच जागी पुढची पल्स आली तर उष्णता साचत जाते. पल्स थंड असते, काम थंड असेलच असे नाही.

तुलनेबद्दल एक तक्रार. घासलेली कड आणि न घासलेली कड समोरासमोर ठेवणे न्याय्य नाही. दोन्ही घासाव्यात; लेसरच्या कडेवरून काढायचा थर सहसा कमी असतो. काच रासायनिक पद्धतीने मजबूत करायची असेल तर आधी कापून, घासून, मगच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवावी, म्हणजे कडेलाही दाबाचा थर, म्हणजे तडे उघडू न देणारा दाबलेला पृष्ठभाग, मिळतो. आणि चाचणी पावसाळ्यात घेतली असल्यास तसे नोंदवावे, कारण हवेतील पाणी तड्याच्या टोकाशी काचेचे बंध तोडते आणि तीच काच कमी भाराला तुटते. ठाण्या-बेलापूरच्या जुलैतल्या हवेची डिसेंबरशी तुलना करू नये.

मूळ लेखातील वाक्य मी आजच बदलले आहे. ते आता असे आहे : ‘टवके कमी असल्याने घासाई कमी लागते, ती किती लागते, हे कड मोडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.’