तक्रारीच्या सॉफ्टवेअरचा तो मेसेज आणि ठिबकवाल्याचा हिशेब

आमच्या संत्रापट्ट्यातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ग्राहकांच्या तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर म्हणजे विदेशी कंपन्यांची लूट. माणशी, महिन्याला पैसे उकळतात. म्हणून एकच आयडी घ्या नि सगळ्यांनी वापरा. नाहीतर ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) घ्या, त्याला लायसन्सच नसतं. तेही जमत नसेल तर ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' मिळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅप असताना हे लागतं कशाला?

वरूड-मोर्शीकडच्या दुकानांची कॉम्प्युटरची कामं मी करतो, त्यामुळे हा मेसेज कोणी ना कोणी समोर धरतंच. शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे नंतर येतो.

'विदेशी' हे आधी उरकून टाकू. असं सॉफ्टवेअर विकणारी झेंडेस्क कंपनी मूळची डेन्मार्कची, २००७ सालची. २०१० मध्ये तिने दर वाढवले, जुनी गिऱ्हाइकं खवळली, आणि इंटरनेटवरची ती बोंब वाचूनच गिरीश मातृभूतम यांना चेन्नईत फ्रेशडेस्क हे तसलंच सॉफ्टवेअर काढायची कल्पना सुचली. झोहोही चेन्नईचीच. म्हणजे देशी पर्याय आहेत, पण पैसे तेही माणशीच घेतात. जीएसटी नोंदणी असलेल्याने बाहेरच्या कंपनीकडून थेट घेतलं तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जीएसटी भरावा लागतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्याला तो परत मिळत नाही.

आता 'माणशी पैसे'. हे खरं आहे, पण लूट कुठे होते ते मेसेजवाल्याला कळलेलं नाही. आमच्या एका ठिबकवाल्याचं उदाहरण घ्या. त्याच्या काउंटरवर लांबट रजिस्टर असतं: गाव, नाव, 'फिल्टर चोक', 'लॅटरल (ठिबकची नळी) फुटली', 'स्टार्टर उचलत नाही', आणि शेवटच्या रकान्यात कोणता फिटर गेला ते. आंबिया बहाराचा ताण तुटला, म्हणजे संत्र्याच्या बागेचं तोडलेलं पाणी पुन्हा सुरू झालं, की जानेवारीत पानंच्या पानं भरतात. पावसाळ्यात आठवड्याला दोन ओळी. त्याला विकणाऱ्याने चार आयडींचा वर्षाचा करार दिला होता. सोप्या आकड्यात मांडतो: माणशी महिना १,००० रुपये धरले तर वर्षाचे ४८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, एकूण ५६,६४०. वर्षाच्या करारात मधेच आयडी वाढवता येतात, कमी करायचे तर बहुधा नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये रिकाम्या खुर्चीचेही पैसे. महिन्याच्या बिलिंगचा दर जरा चढा असतो, तरी पाच महिन्यांच्या हंगामाला तोच परवडतो. फ्रेशडेस्कमध्ये अधूनमधून बसणाऱ्यासाठी दिवसाचा पासही मिळतो. हे विकणारा आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

मग एकाच आयडीवर चौघे बसले तर? पहिली गोष्ट, लायसन्स नावानिशी एका माणसाचं असतं, वाटून वापरणं हा करारभंग. कंपनी वरूडला तपासायला येणार नाही, हे मलाही कळतं. पण शेतकरी 'दोन दिवसांत माणूस पाठवतो असं कोण म्हणालं?' असं विचारत काउंटरशी उभा राहिला, की चौघांच्याही उत्तरावर एकच नाव दिसतं. मग त्यापेक्षा ते रजिस्टर बरं, त्यात निदान अक्षर तरी ओळखू येतं.

ओपन सोर्सला लायसन्स नसतं, हे तर साफ चूक. तक्रारी नोंदवायच्या ओपन सोर्स प्रोग्रामांपैकी ओएसतिकीट जीपीएल नावाच्या लायसन्सवर आहे, झमाड आणि फ्रीस्काउट एजीपीएल नावाच्या. आहे तसं आपल्या दुकानात वापरायला एक पैसा लागत नाही. पण एजीपीएलच्या प्रोग्राममध्ये बदल करून तो तुम्ही इतरांना नेटवरून वापरायला दिला, तर बदललेला कोडही त्यांना खुला करावा लागतो. फ्रीस्काउटचा गाभा फुकट, बरीच मॉड्यूलं विकत. शिवाय सर्व्हरचं भाडं, बॅकअप, अपडेट. दुकानातल्याच पीसीवर टाकलं तर लाइन गेली की तक्रारपेटी बंद. हे सगळं सांभाळणारा माणूस माझ्यासारखाच कोणीतरी असतो, आणि मी काही फुकट येत नाही.

९९९ च्या 'लाइफटाइम'बद्दल काय बोलावं! क्लाऊडवर चालणारी गोष्ट क्रॅक होऊन हाती येत नाही. बहुतेकदा दुसऱ्याच्या खात्यातला एक कोपरा विकलेला असतो. एकाने असंच घेतलं, चार महिन्यांनी लॉगिन बंद, विकणाऱ्याचा फोनही बंद, आणि साडेतीनशे शेतकऱ्यांचे नंबर गेले. मशीनवर टाकायची चोरटी प्रत असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहे: जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरलेली नसेल तर कोर्ट सूट देऊ शकतं. दुकानदाराला ती वाट नाही.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. फोनवर एखाद-दोघेच उत्तरं देत असतील तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं साधं अ‍ॅप पुरतं, हे मी गिऱ्हाईक गमावूनही सांगतो. ते फुकट आहे, मुख्य फोनशिवाय चार डिव्हाइस जोडता येतात, 'नवीन', 'फिटर गेला' अशी लेबलं लावता येतात. यापुढचं एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय, हे मात्र वेगळं प्रकरण. शेतकऱ्याने स्वतः विचारलं आणि २४ तासांत साधं उत्तर दिलं तर मेटा त्याचे पैसे घेत नाही. आपण होऊन पाठवलेल्या जाहिरातीच्या टेम्प्लेटला (ठरावीक साच्यातल्या मेसेजला) मेसेजमागे लागतात. एपीआय जोडून देणाऱ्या मधल्या कंपनीचं भाडं निराळं.

त्या ठिबकवाल्याला मी एवढंच विचारलं, चार आयडी कोणाकोणाचे? त्याने बोटं मोजली: मी, काउंटरवरचा पोरगा, मोठा फिटर... चौथ्यावर अडला.

"चौथा पुण्याच्या लेकाचा. त्याले नुसतं पाहाचं असते ना भाऊ."

लेकाला महिन्याअखेरीस रिपोर्ट पाठवला तरी भागतं. मोठा फिटर तर दिवसभर वावरात, साध्या फोनवर बोलतो. राहिले दोन.

"दोघायले तं मंग व्हॉट्सअपच पुरते," तो म्हणाला आणि चार आयडींचं कोटेशन उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर लॅटरलचा हिशेब करायला लागला.